पडद्याखालची ओल

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीकडे बघत, मग माणसांकडे. लग्न ठरायच्या वेळी पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा तासभर त्यांनी मान वर केली नाही. सासरच्यांना वाटलं, मुलगा फार लाजाळू आहे, संसाराला बरा. खरी गोष्ट अशी की त्या बैठकीच्या खोलीत खिडकीपासची एक ओळ चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर गेली होती, आणि ती बघून ह्यांचा जीव वरखाली होत होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ती ओळ उखडून नीट बसवून दिली आणि सासूबाईंचा लाजाळूपणाबद्दलचा गैरसमजही त्याच सपाट्यात दूर केला.

धंदाच लादी बसवण्याचा. घरं, दुकानं, शाळांचे व्हरांडे. गावातली निम्मी माणसं ह्यांनी बसवलेल्या जमिनीवरून चालत होती आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. चांगल्या लादीकडे कुणी बघत नाही, ठेच लागली तरच माणूस खाली बघतो. मिस्त्रींची ख्याती होती ती त्यांच्या उजव्या डोळ्यासाठी. काम थांबलं की ते कोपऱ्यात पालथे पडायचे, गाल जमिनीला टेकवायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्या डोळ्याने सांध्यांच्या ओळीवरून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत नजर टाकायचे. अर्ध्या सुताचा फरकही त्या डोळ्यातून सुटत नसे. कामावरची माणसं त्यांना मागून 'दुर्बीण' म्हणायची. मिस्त्रींना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, फक्त तसं दाखवायची सोय नव्हती.

त्यांचा जोडीदार म्हणजे त्यांचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात हाताखाली आला, तो स्वतःचे केस पांढरे झाले तरी तिथेच होता. माणूस शांत. कधी आवाज चढवला नाही की कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. पण काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लेव्हल लादीवर ठेवून बघितल्याशिवाय पुढच्या लादीला हात लावायचा नाही, म्हणून त्याचं नावच पडलं 'लेव्हल'. मिस्त्री त्याला दिवसातून एकदा तरी टोमणा मारायचेच. "अरे, देवाने दोन डोळे दिलेत ते काय शोभेला?" लेव्हल हसायचा आणि बुडबुडा बरोबर मध्ये आला की मगच पुढे सरकायचा. दोघांचं असं छान चाललं होतं.

मग वाचनालयाच्या नव्या हॉलचं काम आलं. उंच खिडक्या, मध्ये एकही खांब नाही आणि करड्या रंगाची साधी चौकोनी लादी. नक्षी नसलेली लादी बसवणं सगळ्यांत अवघड, कारण चूक लपवायला जागाच नसते. मिस्त्री भलतेच खुशीत होते. "हे काम म्हणजे माझी सही," असं त्यांनी बायकोला सांगितलं. साठी उलटलेल्या माणसाने एवढं हुरळून जाऊ नये, असं तिने त्यांना सांगितलं.

हॉल अर्धा झाला. एका संध्याकाळी मिस्त्री नेहमीप्रमाणे पालथे पडले, डावा डोळा मिटला, आणि ताडकन उठून बसले. पुन्हा आडवे झाले, पुन्हा पाहिलं. सुतासारखी सरळ जायला हवी ती ओळ मध्येच पोट काढून बाहेर आली होती. शेजारची पाहिली, तिचीही तीच गत. जिकडे नजर लावावी तिकडचा सांधा वाकायचा.

"हे काय करून ठेवलंस?"

लेव्हलने लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्ये. दोरी ताणली. "दाजी, सरळ आहे."

"मला शिकवू नकोस. माल ओला आहे तोवर काढ."

काढलं. पुन्हा बसवलं. पुन्हा वाकडं. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवलं, तर तेही वाकडं निघालं, आणि आता त्यांचा पारा चढला. त्यांनी लेव्हलची लेव्हल खिडकीतून बाहेर फेकून दिली, 'बुडबुडा खोटा आहे' म्हणून. नवी आणली, तीही खोटी निघाली. ताणलेल्या दोरीला पोट आलेलं दिसलं तेव्हा दोरी भिजलेली आहे असा निकाल दिला. खरं तर त्या दिवसांत त्यांना सगळंच वाकडं दिसत होतं. खिडक्यांचे गज वाकडे, म्हणजे लोहार कामचुकार. वाचनालयाच्या बाईंचा चष्मा वाकडा, म्हणजे बाई गबाळ्या. साऱ्या गावाने एकदम हयगय करायला सुरुवात केली आहे आणि आपण एकटेच काय ते सरळ उरलो आहोत, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

शेवटी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्या माणसांसमोर ते मेहुण्याला म्हणाले, "तुझा हात गेलाय. जन्मभर माझ्या नावावर खाल्लंस, आता म्हातारपणी माझं नाव घालवतोस."

लेव्हलने हातातला रबरी हातोडा हळूच खाली ठेवला. कपडे झटकले. "मग दुसरा माणूस बघा, दाजी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींची बायको स्वतः हॉलवर आली. चपला दारात काढल्या आणि अनवाणी पायांनी बसवलेल्या लादीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली.

"मला तर सरळ दिसतंय. पायालाही सरळ लागतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" ती कडाडली. "लहानपणापासून ही म्हण ऐकत आले, आज प्रत्यक्ष बघितली. अहो, भाऊ चुकलाय की तुमचा डोळा चुकलाय, ते डॉक्टरच सांगू देत. आजच चला."

"चल! माझा डोळा ठणठणीत आहे असं सर्टिफिकेटच घेऊन येतो आणि तुझ्या भावाच्या हातावर ठेवतो."

असे हे गृहस्थ डोळ्यांच्या दवाखान्यात गेले ते तपासून घ्यायला नव्हे, तर कागद आणायला. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी त्यांनी घडाघडा वाचून दाखवलं आणि बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग तपासणाऱ्या मुलीने त्यांचा डावा डोळा झाकला. मिस्त्री थबकले. "तुमचा तक्ता जुना झालाय, पोरी. मधली अक्षरं उडालीत."

मुलीने डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि त्यांना आतल्या खोलीत, डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाई ठेंगण्या, आवाज मऊ, पण डोळ्यात बॅटरी मारून बघताना कपाळाला आठी. त्यांनी मिस्त्रींच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती, लहान लहान चौकोन, आणि बरोबर मध्ये एक ठिपका.

"डावा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतंय ते सांगा."

मिस्त्रींनी बघितलं आणि त्यांचा धंद्याचा राग उफाळून आला. "ही लादी कुणी बसवलीय?"

"का?"

"अहो, मधल्या चार लाद्या फुगल्यात. डावीकडची ओळ आत ओढली गेलीय. ठिपक्याशेजारच्या लादीवर तर डाग पडलाय. असल्या माणसाला मी कामावर उभा करणार नाही."

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तो छापलेला कागद आहे. आता दुसरा डोळा झाका आणि पुन्हा बघा."

मिस्त्रींनी हात बदलला. चौकोन जागच्या जागी. रेघा सरळ. एकही लादी फुगलेली नाही. पुन्हा हात बदलला, पुन्हा फुगली. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी कार्ड मांडीवर ठेवलं. वाचनालयाचा हॉल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तीनदा बसवलेला, आणि तिन्ही वेळा सरळ असलेला.

मग स्कॅन झाला. हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, हिरव्या फुलीकडे बघा, पापणी हलवू नका. बाईंनी पडद्याचं चित्र मोठं करून दाखवलं. हा पडदा, दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेलं नाजूक अस्तर, आणि चित्रात तेच आडवं कापल्यासारखं दिसत होतं. एकावर एक थर. मधोमध ते थर उचलले गेले होते आणि त्यांच्याखाली काळी पोकळी होती.

"ओल," मिस्त्री पुटपुटले.

"काय?"

"खालून ओल आलीय. त्याने वरची लादी उचललीय. असं घराघरांत बघतो आम्ही. वरून कितीही ठोका, बसत नाही."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "वय झालं की काही जणांच्या पडद्याखाली कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. कार्डावर ठिपका आहे ना, तसं पडद्याच्या बरोबर मध्ये. सरळ रेघ, अक्षर, माणसाचा चेहरा, सगळं आपण त्याच जागेने बघतो."

"मग पाझर बंद कसा करायचा?"

"डोळ्यात इंजेक्शन देऊन."

मिस्त्रींची पाचावर धारण बसली. चौथ्या मजल्याच्या उघड्या गच्चीवर बिनधास्त चालणारा हा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाला, "दंडात दिलं तर नाही चालायचं? जाईल की तिथून वर."

"नाही चालायचं," बाई हसल्या. मग हसणं आवरून म्हणाल्या, "मोतीबिंदू असता तर भिंग बदलून दिलं असतं. पडदा बदलता येत नाही. तुम्ही उशीर केलाय, पण फार नाही. आणखी काही आठवडे लादीवर रागावत बसला असता, तर तिथे व्रण पडला असता आणि मग माझ्याही हातात काही उरलं नसतं. तुम्हाला इथे कुणी आणलं?"

मिस्त्रींनी बोटाने बायको दाखवली.

"ओळ पुन्हा सरळ दिसेल का, बाई?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा लहान झाला होता की बायकोने चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"वचन देत नाही. उद्या सकाळी सुरू करू."

दवाखान्यातून ते घरी गेलेच नाहीत. थेंबांमुळे उन्हात डोळे दिपत होते, म्हणून बायकोचा दंड धरून चालत चालत मेहुण्याच्या दारात जाऊन उभे राहिले. लेव्हलने दार उघडलं.

"हॉल सरळ होता," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, दाजी. तुम्ही लेव्हल खिडकीतून फेकलीत."

मिस्त्रींना रडू फुटलं. सगळ्यांसमोर जे बोललो ते सगळ्यांसमोर परत घेईन, असं ते म्हणत होते. लेव्हलने त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि उद्या किती वाजता जायचंय ते विचारलं.

सकाळी तिघंही गेले. डोळा बधिर करणारे थेंब, मग चुरचुरणाऱ्या औषधाने धुणं, मग पापण्यांना चिमटा. "वर बघा," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. थोडं दाबल्यासारखं वाटलं.

"झालं."

"झालं? एवढंच? अहो, मग रात्रभर मी मेलो तो कशासाठी?"

डोळ्यात औषधाबरोबर हवेचा बारीक थेंब गेला, तर काळा गोल तरंगताना दिसेल आणि एक-दोन दिवसांत जिरेल, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. डोळा दुखला, लाल झाला किंवा कमी दिसायला लागलं तर मात्र तडक इकडे यायचं, हेही बजावलं होतं. मिस्त्री बाहेर आले, मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे, आणि मेहुण्याला म्हणाले, "तुझा बुडबुडा माझ्या डोळ्यात घातलाय रे. मध्ये काही येईना." दोन दिवसांपूर्वी दुखावलेला तो माणूस बाकावर बसून पोट धरून हसला.

त्याच दिवशी मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या. हॉलवर जाऊन, सगळ्या माणसांना गोळा करून, ह्याचा हात नाही, माझा डोळा गेला होता, हे मोठ्याने सांगितलं. आणि हॉलचं काम लेव्हलच्या हवाली केलं. "ओळ सरळ दिसेपर्यंत मी ह्या दाराच्या आत पाऊल टाकणार नाही. नाहीच दिसली, तर थापी खाली ठेवली म्हणून समज." दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं, आणि शिकायचं वयही उरलं नव्हतं.

बाईंनी दिलेलं जाळीचं कार्ड स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं गेलं. रोज सकाळी मिस्त्री त्यासमोर उभे राहायचे, चष्मा लावून, डावा डोळा झाकून. बायको मागून विचारायची, "आज रेघ किती वाकडी?"

"दोन सूत."

पहिला महिना दोन सुतांवरच गेला. मिस्त्री चिडचिडे झाले, जेवताना ताटाची कड वाकडी दिसते म्हणून ताटावर रागावले. बाई म्हणाल्या, ओल एका दिवसात आली नाही, एका दिवसात जाणारही नाही. दुसरं इंजेक्शन झालं. त्यानंतर एका सकाळी मिस्त्री कार्डासमोर जरा जास्त वेळ उभे राहिले.

"किती?" बायकोने विचारलं.

"दीड."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "नीट बघा."

"नीटच बघतोय. दीड सूत आहे."

मग तो आकडा घरभर झाला. लेव्हल कामावर जाताना वाकडी वाट करून यायचा आणि खालूनच हाक मारायचा, "ताई, किती?" खिडकीतून उत्तर जायचं, "एक!" समोरच्या दुकानदाराला वाटायचं, ह्यांच्याकडे कसलं तरी मोठं मोजमाप चाललंय. तिसऱ्या इंजेक्शननंतर अर्धं झालं. मग मिस्त्री म्हणाले, पाव असेल, पण सांगवत नाही, आता माझ्यावर माझाच विश्वास नाही.

बाईंनी पुन्हा स्कॅन केला. दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिल्यात ती काळी पोकळी होती. दुसऱ्यात ती नव्हती. थर खाली टेकले होते, आणि बरोबर मध्ये एक हलकासा खोलगट भाग दिसत होता.

"हा खळगा कसला?" मिस्त्री घाबरले.

"तो असायलाच हवा. निरोगी पडदा मध्ये तसाच असतो. ओलीमुळे नाहीसा झाला होता, परत आला."

"म्हणजे मोरीत पाण्याला उतार दिल्यासारखा."

"उतार दिल्यासारखा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा मऊ आवाज प्रथमच चढला. "कोरडं आहे, मिस्त्री! पूर्ण कोरडं!" बाहेरच्या तपासणाऱ्या मुलीला त्यांनी मुद्दाम हाक मारून ती दोन चित्रं दाखवली. मग बजावलं, की पाझर पुन्हा सुरू होऊ शकतो, तपासणी आणि इंजेक्शनं चालू ठेवावी लागतील, कार्ड भिंतीवरून काढायचं नाही. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. बायको डोळे पुसत होती आणि आपण पुसत नाही असं दाखवत होती.

तिथून तिघं थेट वाचनालयात. हॉल पूर्ण झाला होता, टेबलं अजून यायची होती. बायको दाराबाहेरच थांबली. तिला ते बघवणार नव्हतं. मिस्त्री उंबरठ्याशी घुटमळले, मग आत गेले, कोपऱ्यात पालथे पडले आणि गाल जमिनीला टेकवला. लेव्हल मागे उभा होता, श्वास रोखून.

डावा डोळा मिटला.

ओळ निघाली ती सरळ. मध्ये कुठेही पोट नाही, वळण नाही, पलीकडच्या भिंतीपर्यंत एका दमात. त्यांनी दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. मग किती तरी वेळ ते तसेच पडून राहिले, आणि लादीवर त्यांच्या डोळ्याखाली पाण्याचा डाग मोठा होत गेला. आयुष्यात कुणाच्या कामाला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. पडल्यापडल्याच म्हणाले, "मी असतो तर मलाही ह्याहून चांगलं जमलं नसतं."

लेव्हलने खाली बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण मिस्त्री उठेनात. ते कोपरावर सरकत होते, मान तिरकी करत होते. शेवटच्या खिडकीच्या बाजूला त्यांची नजर अडकली होती. ते उठले, तिथपर्यंत गेले, गुडघ्यांवर बसले. डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा मिटून बघितलं. अंगठ्याचं नख सांध्यावरून हळूच फिरवलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "मला फसायचं नाहीये. तू बघ."

लेव्हल आला. त्याने आपलं नख फिरवलं. नख अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी अडलं. लादीचा एक कोपरा वर होता.

"अर्धं सूत," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले.

शेवटच्या दिवशी घाई झाली होती, लेव्हलला आठवलं. मग तो उठला आणि पळत सुटला. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो पांढऱ्या केसांचा माणूस त्या रिकाम्या हॉलमधून दाराकडे ओरडत गेला, "ताई! माझं चुकलंय! ताई, खरंच चुकलंय! दाजींना दिसलं!"